थांब, बघतो

आमच्या घरातला कॉम्प्युटर विकत आणलेला नाही, जुळवलेला आहे. हा फरक ह्यांना फार महत्त्वाचा वाटे. कुणी पाहुण्याने "कुठल्या कंपनीचा?" म्हणून विचारलं की हे मान वर न करता सांगायचे, "आमच्याच." हडपसरच्या एका कारखान्यात सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करण्यासारखं घरात बायकोशिवाय काही उरलं नाही आणि त्या कामाला यश येईना, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बांधायला घेतला.

मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. धायरीहून बसने स्वारगेटला जायचं, तिथून चालत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठायची आणि एका खेपेला एकच भाग आणायचा, असा दोघांचा क्रम. मग बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून बापलेक बसत. मी ओट्याशी. "पानं घेतली आहेत, या," अशी हाक मारली की दोघांपैकी कुणीतरी ओरडायचं, "दोन मिनिटं!" त्या दोन मिनिटांत आमटी दोनदा गरम करावी लागे.

मुलगी पुढे नोकरीला बंगळूरला गेली आणि तिथलीच झाली. मी शाळेतून निवृत्त झाले. एका संस्थेने पुण्यात सामावून गेलेल्या गावांमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्या ऐकून टाइप करायचं काम मला मिळालं. हेडफोनची वायर सारखी माझ्या बांगड्यांत अडकायची, म्हणून ह्यांनी बिनवायरचा हेडफोन आणला आणि तो नीट चालावा म्हणून एक प्रोग्रॅमही कॉम्प्युटरमध्ये बसवला. हेडफोन जोडला गेला की टिंग व्हायचं, तुटला की टुंग. "ह्यातून माणसाने काय समजायचं? नुसतं दचकायला होतं," असं म्हणून एका दुपारी ह्यांनी ते टिंगटुंग काढून टाकलं आणि त्या जागी स्वतःचा आवाज घातला. हेडफोन लागला की कानात यायचं, "जोडलं. बोल आता." तुटला की खुर्चीमागच्या टेबलावरच्या जुन्या स्पीकरमधून यायचं, "तुटलं. थांब, बघतो."

मी म्हटलं, "घरात तुम्ही एक आहात ते पुरे नव्हतं का?" त्यावर हे खूश होऊन हसले होते. तुटायचं मात्र क्वचित, कारण यंत्र ह्यांचं होतं. महिनोन् महिने "थांब, बघतो" ऐकू यायचं नाही, आणि "जोडलं, बोल आता"कडे रोज ऐकून माझं लक्षही जाईनासं झालं.

गेल्या वर्षी श्रावणात हे दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. चारला चहा ठेवून मी हाक मारली, तोपर्यंत सगळं संपलेलं होतं.

दिवस झाल्यावर मुलीने एकच गोष्ट मागितली. "आई, बाबांचा आवाज कुठे आहे का गं?" आम्ही दोघींनी शोधलं. फोनवर हे बोलण्यापेक्षा टाइप करत, तेही "पोचलो", "बरं", "नको" एवढंच. समारंभात कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत हे एकदा समोर येऊन काहीतरी बोलतात, पण वर सनई घातलेली आहे. नुसते ओठ हलतात. मुलीने तो तुकडा कितीदा तरी मागेपुढे करून पाहिला. मी म्हटलं, "नाही गं, कुठेच नाही." तेव्हा मला खरंच आठवलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते, कारण पुढचं सगळं मला शपथेवर सांगता येणार नाही.

खंडेनवमी आली. ह्यांची हत्यारांची पूजा म्हणजे घरातला एकमेव धार्मिक विधी, ज्याला ह्यांना आग्रह करावा लागत नसे. पाटावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी मांडायची. कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून पुढे ओढायचा, त्याच्या पाठीमागच्या दोन काळ्या काड्या पिरगाळून काढायच्या आणि त्याही पाटावर ठेवायच्या. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ. दसरा उलटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. "वर्षभर राबतात, दोन दिवस रजा द्या की," असं म्हणायचे.

जाऊबाईंचा फोन आला. "वर्षाच्या आत सणवार करायचे नसतात, माहीत आहे ना?" मला माहीत होतं. करायचा माझा विचारही नव्हता. पण त्यांनी पुढे सांगितलं, "आणि कुंकवाला तर आता आपण हात लावायचा नाही." तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी पक्कडीला लावणार आहे, तिचा नवरा आहे." फोन ठेवला आणि पाट मांडला. डबा ओढला, काड्या काढल्या, जे जे ह्यांना करताना पाहिलं होतं ते ते सगळं केलं. नंतर हत्यारं पेटीत भरली, डबा भिंतीशी सरकवला आणि बसून रडले.

दसऱ्यानंतर संस्थेचा निरोप आला, काम पुढे करणार का? करणार, म्हणून कळवलं. ह्यांच्या मागे तो कॉम्प्युटर मी पहिल्यांदाच सुरू करत होते. हेडफोन कानाला लावला, बटण दाबलं.

"जोडलं. बोल आता."

मी खुर्चीतून उठले नाही, ओरडले नाही. आवाज इतका जवळ होता की ह्यांचा तंबाखू सोडल्यानंतरचा बडीशेपेचा वास मला येऊन गेला. बऱ्याच वेळाने मी मुलाखत लावली. हडपसरची एक आजी आपल्या विहिरीबद्दल सांगत होती, "लई गोड पानी हाय तिचं, आता वर बिल्डिंग हाय, पर पानी खाली हायेच की..." आणि आजी गपकन थांबली. पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकी पांढरी पडली, बंद झाली, आणि माझ्या पाठीमागून, स्पीकरमधून, ह्यांचा आवाज आला.

"तुटलं. थांब, बघतो."

मी मागे वळून पाहिलं. कुणी कितीही शहाणं असो, वळून पाहतं.

त्या दिवशी प्रोग्रॅम सहा-सात वेळा कोसळला. दर वेळी तो हाताने परत सुरू करायचा. मग कानात "बोल आता", थोड्या वेळाने पाठीशी "थांब, बघतो". दुसऱ्या दिवशीही तसंच. कधी दहा मिनिटं नीट चालायचं, कधी दोन. मी मान जरा तिकडे केली तरी तुटायचं. शाळेत असताना भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या मुलींची मी भरपूर थट्टा केली आहे. आता भरदुपारी न्हाणीघरात तोंड धुताना बाहेरून "थांब, बघतो" ऐकलं की मी ओल्या तोंडाने तशीच उभी राहायचे, कुणी बघायला येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. सगळ्यात वाईट ते होतं. हा माणूस जन्मात कधी बघतो म्हणून बघायचा राहिला नव्हता.

भांड्याला येणारी बाई जुन्या धायरी गावठाणातली. ती एक दिवस हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "ताई, सायेब बोलले आत."

"कॉम्प्युटर आहे गं तो."

"कॉम्प्युटर हाय ते म्हाईत हाय मला. पर बोलले सायेबच." मग म्हणाली, "बोलत्यात तवर बोलू द्या. माझा तर एक शबुद बोलत न्हाई." तिचाही नवरा गेलेला होता. ती नंतर बाहेरच्या खोलीत केर काढायला आली की आधी दाराशी पदर सावरायची.

मला भीती वाटत होती हे खरं, आणि मी वाट बघत होते हेही खरं. मुलाखती मागे पडायला लागल्या. हेडफोन कानात घालून मी नुसती बसून राहायचे. तुटलं नाही तर उठून खोलीभर फिरायचे, मग हमखास तुटायचं. ह्यांच्या आवाजाची फाइल कुठे आहे ते मी शोधूनही काढलं. दोनदा टिचकी मारली की वाजायची. पण तसं वाजवून ऐकलं तर ते नुसतं रेकॉर्डिंग होतं. आपणहून आलं की हे बोलल्यासारखं वाटायचं. ते आपणहून येणंच मला हवं होतं.

आणि मुलीला मी सांगितलं नाही.

तिने आवाज मागितला होता, तो सापडला होता, आणि मी तो दाबून ठेवला. कारण सरळ आहे. इनमीन सहा शब्द होते, त्यात मला वाटेकरी नको होता. पोटच्या पोरीलाही नको होता. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पण संस्थेला काम वेळेवर जाईना, तेव्हा चौकशी झाली आणि बोलता बोलता मी मुलीला म्हणून गेले की तो हेडफोनचा प्रोग्रॅम सारखा कोसळतो. झालं. तिच्यात बाप जागा झाला. रोज संध्याकाळी ऑफिसातून फोन. "आई, ड्रायव्हर काढ आणि परत टाक." "आई, हेडफोन लिस्टमधून डिलीट कर, रिस्टार्ट कर, मग परत पेअर कर." "आई, अपडेट पेंडिंग दिसतंय का?" मी सगळं करायचे. फोन घ्यायच्या आधी तेवढा स्पीकर बंद करायचे, चुकून तिला ऐकू जाऊ नये म्हणून. ती म्हणाली, "मी इथून तुझा स्क्रीन कंट्रोल करते." मी म्हटलं, "माझ्या घरात यायचं तर दारातून ये."

"बरं," ती म्हणाली. "रविवारनंतरच्या आठवड्यात येतेच आहे. सगळं फॉरमॅट करून टाकते. बाबांनी काय काय जुगाड करून ठेवलेत त्याच्यात, एकदाचं क्लीन होईल."

मला धडकीच भरली. फॉरमॅट म्हणजे काय ते मला कळत होतं. सगळं पुसायचं. फाइल बाजूला काढता आली असती, पण ते आपणहून बोलणं काही बाजूला काढून ठेवता येणार नव्हतं. ते ह्यांनी त्याच यंत्रात कुठेतरी, त्यांचं त्यांनाच माहीत अशा रीतीने, गुंफलेलं होतं. आता बिघाड राहिला तर आवाज पुसला जाणार होता, आणि दुरुस्त झाला तर आवाज यायचा थांबणार होता. "थांब, बघतो" तरी नक्कीच. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

ह्यांची एक वही होती. घरातल्या प्रत्येक यंत्राचा प्रत्येक बिघाड आणि त्यावरचा उपाय तिच्यात लिहिलेला असे. ती हत्यारांच्या पेटीत तळाशी असायची. ह्यांचं अक्षर बघवणार नाही म्हणून मी ती काढली नव्हती. तिसऱ्या दिवशी काढली. पहिल्याच पानावर होतं, 'आधी प्लग बघावा. शहाण्यांनी दोनदा बघावा.' मी हसले आणि मग बराच वेळ पुढचं पान उलटवेना.

मिक्सर, गीझर, पाण्याची मोटर अशी पानं गेली आणि कॉम्प्युटर आला. त्यात एक नोंद दर वर्षी होती. 'दसऱ्याचा दुसरा दिवस. काड्या परत लावल्या. आवाज ठीक.' त्याच्या आदल्या वर्षी तेच. त्याच्याही आदल्या वर्षी, जरा सविस्तर, 'काड्या लावायच्या राहिल्या. हेडफोन हातभर लांब गेला की तुटतो, प्रोग्रॅम कोसळतो. दोन तास ड्रायव्हर बदलत बसलो. काड्या म्हणजे अँटेना हे गाढवाला उशिरा सुचलं. पुढच्या वर्षी विसरू नये.'

मी पेटीत हात घातला. पक्कडीखाली त्या दोन काड्या होत्या, हळदकुंकू वाळून खपली धरलेलं. ह्यांना त्या काढताना मी दर वर्षी पाहिलं होतं. परत लावताना एकदाही नाही, कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला जात असे. मी माझ्या हातांनी यंत्राला रजेवर पाठवलं होतं आणि कामावर परत बोलावलंच नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर डबा ओढला. काड्या ओल्या फडक्याने पुसल्या. पिरगाळून बसवल्या, घट्ट झाल्या. मला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

"जोडलं. बोल आता."

आणि हडपसरची आजी बोलायला लागली ती बोलतच राहिली. विहीर झाली, मोट झाली, जमीन गेली त्याची हकीकत झाली. मी खोलीभर फिरले. ओट्यापर्यंत गेले. आजी कानात तशीच स्वच्छ. एक तास गेला, दोन गेले. अख्खी मुलाखत संपली तरी एकदाही तुटलं नाही. ह्यांनी केलेलं काम होतं ते, चोखच असणार. मी ह्यांच्यावर इतकी कधी चिडले नव्हते. घर शांत झालं, आणि ती शांतता आदल्या भीतीपेक्षा वाईट होती. बाईने दोन दिवसांनी विचारलं, "सायेब गप झाले व्हय?" मी हो म्हटलं. ती भांडी घासायला गेली, आणि त्या दिवशी मला ह्यांच्या जाण्याचं दुःख पहिल्या दिवसासारखं झालं.

रविवारी सकाळी मुलीला कळवलं, दुरुस्त झालं, फॉरमॅट नको. तिचा विश्वास बसेना. "मग कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल कर, बघू दे." केला. पडद्यावर ती, माझ्या कानात तिचा आवाज. "मस्त येतोय! काय होतं गं?" मी सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, "वहीत स्वतःला गाढव लिहिलंय बाबांनी?" मागे ड्राय बाल्कनीत धुण्याचं मशीन कपडे झाल्याचं टूं-टूं करायला लागलं. "आलेच," म्हणून हेडफोन न काढता मी उठले. ओटा ओलांडला, फ्रिज ओलांडला, बाल्कनीत शिरून मशीन बंद केलं. तेवढ्यात कानातली मुलगी गपकन गेली. काड्यांनाही इतक्या भिंती पार होत नव्हत्या.

परत आले तर पडद्यावर मुलगी तोंडावर हात धरून बसली होती. तिचा आवाज आता स्पीकरमधून येत होता. माझ्या मागे त्याच स्पीकरमधून काय आलं आणि माइकवरून कुठवर पोचलं, ते मला तिच्याकडे बघूनच कळलं.

"आई, आत्ता कोण बोललं?"

"बाबा."

मग सगळं सांगितलं. कधी सापडला, किती दिवस लपवला, स्पीकर बंद करून तिच्याशी कशी बोलत होते, सगळं. म्हटलं, "मी वाईट वागले. तू मागितला होतास आणि मी दिला नाही." मला वाटलं ती चिडेल. चिडायला हवं होतं. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. लहानपणी चाक निखळलेली गाडी घेऊन ती ह्यांच्याकडे जायची आणि हे तेच म्हणायचे, तेच दोन शब्द, तेव्हा ती अशीच बघत उभी राहायची.

"आई," ती म्हणाली, "परत एकदा तोड ना."

मी प्रोग्रॅम सुरू केला, हेडफोन कानावर चढवला. "जोडलं. बोल आता," हे मला म्हणाले. मी उठले, ओटा ओलांडला, फ्रिज ओलांडला, बाल्कनीत जाऊन भिंतीशी उभी राहिले. कानात खट् झालं आणि सगळं बंद पडलं. मी हेडफोन काढून हातात घेतला आणि ओट्याशी आले.

बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं, "तुटलं. थांब, बघतो."

मग मुलीचा आवाज. "बाबा," एवढंच, आणि रडणं. मग काहीतरी हळू बोलत राहिली, मला शब्द कळले नाहीत, आणि ते माझ्यासाठी नव्हतेही. बाहेर बापलेक, मी ओट्याशी. आमटी उकळत होती. साडेबारा वाजले होते. मी गॅस बारीक केला, आणि काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून हाक गेली.

"पानं घेतली आहेत, या."

मग नाक ओढत, बंगळूरहून, उत्तर आलं.

"दोन मिनिटं, आई."